डाव्या हाताची रेघ

"आता डावा हात हलवायचा नाही. तो हलतोय असं फक्त मनात आणायचं," डॉक्टर शीला प्रधान म्हणाल्या. कान्हानं डोळे मिटून तसं मनात आणलं, तेव्हा त्याला जो हात दिसला तो त्याचा नव्हता. त्या हाताची बोटं लांब होती, नखं दातांनी कुरतडलेली होती आणि अंगठ्याच्या बुडाशी शिंगाळा माशाचा काटा लागल्याचा पांढरा वण होता. हा हात त्याला चांगला ठाऊक होता. तो अंगठ्यानं पहिल्या बोटाला शिवत होता, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. डॉक्टरांनी शिकवलेल्या क्रमानं, कुठंही न चुकता. कान्हानं डोळे उघडले. शेजारच्या यंत्रातल्या बारीक लेखण्या कागदावर वेड्यावाकड्या खरखरत होत्या. डॉक्टरीणबाई वाकून बघत म्हणाल्या, "मान हलली का तुमची? सगळंच बिघडलं हो." तो म्हणाला, "काय नाय मॅडम, घाम आलेला." डोक्याला चिकटवलेल्या तारांखालून खरोखरच घाम ओघळत होता. आपला डावा हात मांडीवर जागच्या जागी आहे याची त्यानं एकदा खाली बघून खात्री करून घेतली.

वर्तकनगरच्या त्या इस्पितळात तो आजारपणासाठी आलेला नव्हता. चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत डॉक्टर प्रधान स्वतःच चेंदणी कोळीवाड्यात त्याला शोधत आल्या होत्या. एका हाताचं अवघड काम करताना आणि दोन्ही हातांचं करताना माणसाच्या मेंदूत काय चालतं, याचा त्या अभ्यास करत होत्या, आणि त्यांना लहानपणापासून दोन्ही हातांचं कसब असलेली माणसं हवी होती. एक तबलजी मिळाला होता, दोन टंकलेखक मिळाले होते. जाळं विणणारा कोणी आहे का म्हणून विचारलं तर लोकांनी कान्हाचं दार दाखवलं. खाडीत आता मासा उरला नव्हता, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं त्याची नोकरी चालू होती, तरी रविवारी दारात बसून जाळं विणायची त्याची सवय गेली नव्हती. बाई पाव तास नुसत्या उभं राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उजव्या हातात सुई आहे, ती विणते हे दिसतं. पण डावा हात काय करतो, सांगता येईल तुम्हांला?" कान्हानं विचार केला आणि त्याच क्षणी त्याची गाठ चुकली. त्याची बायको रतन उंबऱ्यात हसली. "तो धरतो," कान्हा म्हणाला. "एवढंच?" बाईंनी विचारलं. त्याला पुढं सांगता येईना. आयुष्यभर जो हात बरोबर वागवला त्याच्याबद्दल आपल्याला एवढंच माहीत आहे, याची त्याला उगीचच लाज वाटली, आणि तो यायला कबूल झाला.

पहिल्यांदा उजवा हात, मग डावा, मग दोन्ही मिळून एकच काम, मग दोन्ही हातांना वेगवेगळी कामं, असं सगळं त्यानं बिनचूक केलं होतं. बाई खूश झाल्या. त्यांनी त्याला कागद दाखवला. हात स्वस्थ असले की डोक्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं कमानीसारख्या लाटा उमटत होत्या. उजवा हात हलवायचा म्हटलं की डाव्या बाजूच्या लाटा विरत, डावा हलवायचा म्हटलं की उजव्या बाजूच्या. "आणि दोन्ही हातांना निरनिराळं काम दिलं की इथं," त्यांनी स्वतःच्या टाळूवर बोट ठेवलं, "इथं मधेही गडबड सुरू होते. एकानं काय करायचं आणि दुसऱ्यानं काय, हे कुणीतरी जमवून द्यावं लागतं. निदान मला तसं वाटतं." कान्हा त्या लाटांकडे बघत राहिला. भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या वेळी खाडीचं पाणी असंच सपाट होतं. शाळेत सातवी नापास झालेल्या माणसाचं डोकं एवढं आखीव चालतं हे बघून त्याला बरं वाटलं होतं. आणि मग त्या म्हणाल्या होत्या, आता नुसतं मनात आणायचं.

इस्पितळातून निघाल्यावर तो चेंदणीकडे न जाता नुसताच चालत सुटला. केसांत पांढरी पेस्ट वाळून टोचत होती. नाथाचा हात. किती वर्षांनी दिसला. नाथा त्याचा धाकटा भाऊ, आठ वर्षांनी लहान. बापानं, दामाजीनं, कान्हाला जाळं विणायला शिकवलं, आणि नाथाला कान्हानं. नाथा सहा वर्षांचा असेल. कान्हा त्याच्या मागं बसायचा, त्याला मांडीत घ्यायचा आणि स्वतःचे हात त्याच्या हातांवर ठेवायचा. उजव्यात सुई, डाव्यात आसांचं, म्हणजे जाळ्याच्या भोकांचं, माप धरायची बांबूची पट्टी. पोराचे हात चिमणीच्या पिल्लासारखे गरम लागायचे. मग एके दिवशी कान्हानं आपले हात हळूच उचलून घेतले आणि खालचे हात तसेच चालत राहिले, नाथाला कळलंही नाही. पुढं खाडीतले बोयट मासे रॉकेलच्या वासाचे निघू लागले, होडी उलटी पडून राहिली, आणि बाप गेल्यावर कान्हानंच नाथाला कारखान्यात चिकटवला. आई म्हणाली होती, "त्याला राहू दे रे इकरं, त्याचं मन पाण्यात हाय." कान्हानं ऐकलं नाही. घरात दोन पगार आले तर बहिणीचं लग्न उरकेल, एवढं साधं गणित त्यानं केलं होतं.

प्रेस मशीनवर दोन बटणं असत, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येई आणि पत्र्यातून झाकण कापून निघे. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात ठोकळ्याखाली नसणार, म्हणून ती सोय. पण दरवेळी दोन्ही हात बाहेर आणायचे, दाबायचे, मग पुन्हा आत घालून झाकण काढायचं, यात वेळ जाई आणि पाळीचा आकडा पुरा होत नसे. जुने लोक डावं बटण लाकडाची चिपटी लावून सुतळीनं दाबून बांधून टाकत. मग एकट्या उजव्या हातानं मशीन चाले आणि डावा हात पत्रा सरकवायला, झाकण उचलायला मोकळा राही. ब्याऐंशी सालच्या पावसाळा सरत्या दिवसांतली गोष्ट. नाथाचा आकडा रोज मागं पडायचा, सुपरवायझर रोज बोलायचा, "कान्हा, तुझा भाऊ इथं झोपायला येतो काय?" त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर कान्हा आपली मशीन सोडून नाथाच्या मागं जाऊन उभा राहिला. खिशातून चिपटी काढली, सुतळी काढली. नाथा म्हणाला, "नको दादा, राहू दे." कान्हा म्हणाला, "अरे, सगले असंच करतात. डावा हात मोकला राहतो बघ." आणि बांधून दिलं. चहाची घंटा व्हायच्या आधी ते झालं. किंकाळी वगैरे काही नव्हती. मशीनचा आवाज मात्र एकदा बदलला, पत्र्याऐवजी दुसरंच काहीतरी आत आल्यासारखा, आणि तो आवाज कान्हाला बारा मशीनच्या गोंगाटातून स्वच्छ ऐकू आला.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी सुपरवायझर आणि ऑफिसातले एक साहेब चौकशीला आले. नाथाचा हात मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत काढून टाकलेला होता. साहेबांनी विचारलं, "बटण बांधलं होतं. कुणी बांधलं? तूच ना?" कान्हा खाटेच्या पायथ्याशी शहाळं घेऊन उभा होता. नाथानं त्याच्याकडे एकदा बघितलं, मग छताकडे बघितलं आणि म्हणाला, "हां. मीच." कान्हाचं तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. त्याला वाटलं, भावानं आपल्याला वाचवलं. एक हात गेलेलाच आहे, दुसऱ्याची नोकरी जाऊ नये, म्हणून पोरानं सगळं स्वतःवर घेतलं. त्या रात्री त्याला शांत झोप लागली, आणि पुढं जन्मभर त्याला त्या झोपेची किळस आली.

अशा उपकाराखाली राहणं कसं असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. नाथा बरा होऊन कल्याणला गेला, त्याच्या सासरच्या लोकांनी आधार दिला. कान्हा सुरुवातीला तीनदा गेला. प्रत्येक वेळी नाथाची बायको शेवंती चहा ठेवायची, नाथा उजव्या हातानं बशी पुढं सरकवायचा, आणि कान्हाला वाटायचं, आता हा म्हणेल. निदान डोळ्यांनी तरी म्हणेल. नाथा काहीच म्हणायचा नाही. त्याला सगळं ठाऊक आहे, मग आपण वेगळं काय सांगायचं, असं स्वतःला समजावून कान्हा निघायचा. चौथ्यांदा जायचं राहिलं. मग दिवाळीला राहिलं, मग राहतच गेलं. आई, आवडाबाई, दर महिन्याला सुका जवळा घेऊन एकटीच एसटीनं कल्याणला जायची आणि आल्यावर नाथाबद्दल एक अक्षर बोलायची नाही. ती गेली तेव्हा दहाव्याला दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे होते. नाथानं खाडीत बुडी मारली आणि वर आला तो एका अंगाला कलून. पाण्यात मन असलेला पोर, त्याला सरळ वर येता येईना. कान्हानं हात पुढं केला नाही. पुढं करायला आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं. आता चार वर्षांनंतर त्याला वाटलं, हक्क कसला, भीती होती ती.

पुढच्या आठवड्यात तो न बोलावता डॉक्टर प्रधानांकडे गेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, ज्याला हातच नाय त्यानं हात हलवायचं मनात आणलं, तर रेघ येईल काय?" बाईंनी चष्मा काढला. "कुणाबद्दल विचारताय?" "माझा भाऊ." "कधी गेला हात?" "अकरा वर्षं झाली." त्यांनी चष्मा पदरानं पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "येईल असं वाटतं. खात्रीनं नाही सांगत. त्यांना इथं आणाल?" कान्हा आणतो म्हणाला. बाहेर पडल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. अकरा वर्षांत माफी मागायला जाता आलं नाही, आणि आता डॉक्टरचं निमित्त मिळाल्यावर पाय उचलले.

कल्याणला रामबागेत नाथाचा पिवळा टेलिफोन बूथ होता, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. कान्हा गेला तेव्हा तो रिसीव्हर खांद्यात धरून उजव्या हातानं वहीत नंबर लिहून घेत होता. डाव्या कोपरानं वही दाबून धरली होती. सदऱ्याची बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली. अडतीस वर्षांचाच, पण कानांजवळचे केस पार पांढरे. त्यानं वर बघितलं आणि रिसीव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "कवा आयलास?"

"आताच."

"बस." त्यानं स्टूल पायानं पुढं ढकललं.

शेवंती मागच्या खोलीतून आली, तिनं पदर खोचला आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "दहा वर्सांनी वाट गावली." तरी तिनं चहा ठेवला. कान्हानं डॉक्टरांचं सगळं सांगितलं, तारा, कागद, लाटा. आपल्याला हात कुणाचा दिसला ते तेवढं सांगितलं नाही. नाथा ऐकत होता. मग त्यानं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ती बाय हात दुखायचा थांबवते काय?"

"कंचा हात?"

"गेलेला." नाथानं दुमडलेल्या बाहीकडे मान केली. "मूठ वललेली हाय. अकरा वर्सं. नखं आत घुसतात. उघराय जातो तर उघरत नाय. डॉक्टर सांगतात मनाचं हाय. शेवंतीला पन तसंच वाटतं."

"मी असं कवा बोलले?" शेवंती म्हणाली. पण तिनं मान फिरवली.

शनिवारी बूथ शेवंतीवर सोपवून नाथा ठाण्याला आला. डॉक्टर प्रधानांनी त्याच्या डोक्याला तारा लावल्या तेव्हा कान्हा दाराजवळ भिंतीला टेकून उभा राहिला. "उजवा हात," बाई म्हणाल्या. नाथाची बोटं हलली. "आता डावा. असतो तसा हलवा." नाथानं डोळे मिटले. खोलीत कुणीच हललं नाही. दंडातला एक स्नायू बाहीखाली उडत होता तेवढाच. आणि यंत्रात उजव्या बाजूच्या लेखण्या, ज्या इतका वेळ कमानी काढत होत्या, त्या एकेक करून शांत झाल्या. रेघ सपाट पळू लागली. नसलेला हात हलत होता. "दोन्ही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज खाली आला होता. नाथाच्या कपाळावर घाम आला. कान्हाला तो सहा वर्षांचा, मांडीत बसलेला दिसला, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तारा काढल्यावर नाथानं कागद मांडीवर पसरून घेतला. "म्हंजे दुखतं ते खोटं नाय."

"नाही. हात हलवताना जे व्हायला हवं, तेच इथं होतंय," बाई म्हणाल्या.

"थांबल काय?"

बाई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "मला थांबवता येत नाही. खोटी आशा दाखवत नाही तुम्हांला. मी अजून नुसती बघतेय."

नाथानं मान हलवली. त्याला तेवढंही पुरल्यासारखं दिसलं. मग कागदावरच्या सपाट रेघेवरून बोट फिरवत त्यानं विचारलं, "बाय, मानूस खरंच काय करतो आन नुसतं मनात आनतो, ते इथं येगलं दिसतं काय?"

"थोडं वेगळं. पण खूपसं सारखंच. नुसत्या या कागदावरून मला दरवेळी ओळखता येणार नाही."

"मंग मानसाला तरी कसं ओलखल," नाथा म्हणाला, स्वतःशीच. बाईंना ते नीट ऐकू गेलं नसावं. कान्हाला गेलं, पण कळलं नाही.

खोपटच्या एसटी स्टँडवर कल्याणची गाडी लागायची होती. दुपार कलली होती. दोघं सिमेंटच्या बाकावर बसले, नाथा उजव्या अंगाला, कान्हा डाव्या, मधे दुमडलेली बाही. आता बोललो नाही तर पुन्हा कधीच नाही, हे कान्हाला कळत होतं. समोर एक बाई पोराला केळं सोलून देत होती. एका हातात केळं, दुसऱ्यानं साल. किती सहज. तो तिच्याकडे बघतच म्हणाला, "नाथा, तू साहेबाला बोललास मीच बांधलं. मी तिथं उभा होतो आन गप राहिलो. तू माझ्यासाठी खोटं बोललास. मना ते..."

"काय खोटं?"

"बटनाचं."

नाथा त्याच्याकडे वळला. "त्यात खोटं काय हाय? मीच बांधलेलं."

कान्हाला वाटलं, हा अजूनही मोठेपणा करतोय. "आता कशाला रे," तो म्हणाला. "आता कोन नाय ऐकाय."

"दादा, मना त्या दिसाचं काय आठवत नाय," नाथा म्हणाला. "डबा खाल्लेला आठवतं. बांगडा होता. मंग एकदम खाट, आन साहेब. साहेब बोलला, तूच बांधलंस ना. मी तुझ्याकरं बगलं, तू काय बोलला नाय. मना वाटलं असंल. माझी मशीन, दुसरं कोन बांधल? हां बोललो." त्यानं उजव्या हातानं डावी बाही घट्ट धरली. "मंग रोज इचार करायचो, कसं बांधलं असंल मी. चिपटी कशी लावली, सुतली कशी आवलली. एवरा इचार केला का आता दिसतं मना. सोताचे हात दिसतात, दोनी. शेवंती रागावली का बोलते, तुमच्या हातानं तुमी हात घालवलात. मी बोलतो, हां."

कान्हाच्या कानात स्टँडचा सगळा आवाज बंद झाला. अकरा वर्षं तो ज्या उपकाराखाली वाकला होता तो कुणी केलेलाच नव्हता. नाथानं त्याच्याकडे बघितलं होतं ते विचारायला बघितलं होतं. त्या खोलीत ठाऊक असलेला माणूस एकच होता, तो शहाळं घेऊन उभा होता. हाताचं त्याला कसंबसं सोसवलं होतं. पण हातानंतरची वर्षं, शेवंतीचं बोलणं, रोजचं ते स्वतःचे हात बघणं, ही कुठल्या मशीननं घेतली नव्हती. तीन शब्दांचं काम होतं, बटण मी बांधलं. खाटेच्या पायथ्याशी, तेव्हाच.

"नाथा," तो म्हणाला, "तू नाय बांधलंस. मी बांधलं. तू नको बोललेलास."

नाथा हलला नाही. कल्याणची गाडी येऊन लागली. कंडक्टर खाली उतरून ओरडला, माणसं धावली, चढली, गाडी भरली आणि निघून गेली. धूळ खाली बसली. नाथाचा चेहरा कोरडाच होता.

"मी नको बोललो?" त्यानं विचारलं.

"हां. नको दादा, राहू दे, असं बोललास."

"परत सांग."

कान्हानं सांगितलं. जेवणाची सुट्टी संपल्यापासून, आपली मशीन सोडून कसा आला, कुठं उभा राहिला, काय म्हणाला. नाथा डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या पापण्या हलत होत्या, जणू आत कुणीतरी एक जुनं चित्र उचलून बाजूला ठेवत होतं आणि ते जड होतं. कान्हा संपवून थांबला तसं त्यानं डोळे न उघडताच पुन्हा तेच म्हटलं, आणि कान्हानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसरी गाडी आली आणि गेली.

"मी तवा काय करत होतो?" नाथानं मधेच विचारलं. "माझे हात कुठं होते?"

कान्हाला आठवावं लागलं. मग आठवलं.

"पुसत होतास," तो म्हणाला. "तेल लागलेलं. फडक्यानं दोनी हात पुसत होतास."

नाथानं डोळे उघडले नाहीत. "दोनी," तो म्हणाला.